पटलातल्या जागा : तुर्भ्याच्या प्रकाशसंश्लेषण संशोधनाचा इतिहास

भाभा अणुसंशोधन केंद्राचा इतिहास बहुधा अणुभट्ट्यांच्या क्रमाने सांगितला जातो. जानेवारी १९५४ मध्ये तुर्भ्याच्या आस्थापनेचा प्रारंभ झाला. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ सुरू झाली. २० जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आस्थापनेचे रीतसर उद्घाटन झाले. १९६० मध्ये ‘सायरस’ आली, आणि होमी भाभांच्या अपघाती निधनानंतर जानेवारी १९६७ मध्ये संस्थेला त्यांचे नाव मिळाले. हा क्रम योग्यच आहे. देशाने या संस्थेकडून जे मागितले ते प्रथम हेच होते. पण याच आवारात काही माणसे पालकाची पाने वाटून, फडक्यातून गाळून, त्यातले हरितलवक वेगळे काढून एका निराळ्याच प्रश्नामागे लागली होती. सूर्यप्रकाश पकडणाऱ्या पटलात कोणते प्रथिन कुठे बसते आणि तिथेच का बसते, हा तो प्रश्न. अणुभट्ट्यांच्या इतिहासात या कामाला एखादी ओळही क्वचितच मिळते, म्हणून स्मरणिकेच्या या पानांवर ते जरा सविस्तर लिहीत आहे.

अणुसंस्थेत पालक कशाला, असे कुणालाही वाटेल. त्याचे एक उत्तर तुर्भ्याच्याच रचनेत आहे. भाभांनी आस्थापना उभारली तेव्हा जीवशास्त्राला तिच्यात आरंभापासून जागा होती. ए. आर. गोपाळ अय्यंगार यांच्यासारख्या आनुवंशशास्त्रज्ञाकडे जीवशास्त्र विभागाची धुरा होती. किरणांचा सजीवांवर होणारा परिणाम, त्यातून होणारी उत्परिवर्तने आणि त्यांचा शेतीला उपयोग, ही त्या विभागाची ठरलेली वाट. क्ष-किरणांनी बियाण्यात बदल घडवून तयार केलेला टीजी-१ हा भुईमूग १९७३ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसारित झाला, आणि ‘ट्रॉम्बे’ हे नाव बियाण्याच्या पिशवीवरून खेडोपाडी पोचले. विभागाच्या नावात जीवशास्त्राच्या जोडीला कृषी हा शब्द होता तो काही शोभेसाठी नव्हे.

दुसरे उत्तर जगाच्या इतिहासात आहे. प्रकाशसंश्लेषणाचे विसाव्या शतकातले ज्ञान मोठ्या प्रमाणात अणुप्रयोगशाळांतूनच आले. कार्बन-१४ हे समस्थानिक १९४० मध्ये बर्कलीच्या किरणोत्सर्ग प्रयोगशाळेत सॅम रुबेन आणि मार्टिन केमेन यांनी शोधले. त्याच ठिकाणी मेल्विन कॅल्विन यांच्या गटाने त्या कार्बनचा माग काढत, कर्बवायूची साखर कशी होते ते पायरीपायरीने मांडले आणि १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळवले. उजेड विझल्यावरही हिरवी वनस्पती काही काळ अत्यंत मंद प्रकाश बाहेर टाकत राहते, हे १९५१ मध्ये स्ट्रेलर आणि अर्नोल्ड यांना कळले ते अमेरिकेतल्या ओक रिज या अणुप्रयोगशाळेत. समस्थानिके, सूक्ष्म प्रकाश मोजणारी उपकरणे, वेगवान अपकेंद्री यंत्रे आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारी कार्यशाळा, हे सगळे एका छपराखाली असलेल्या जागा त्या काळी थोड्याच होत्या. आपल्या देशात अशी एक जागा तुर्भ्याला होती.

पुढचा इतिहास समजण्यासाठी आधी त्या पटलाची ओळख करून घेतली पाहिजे. ती थोडी लांबेल, पण तिच्यावाचून इथल्या माणसांनी काय केले ते कळणार नाही.

हरितलवकाच्या आत थायलॅकॉइड नावाचे पटल असते. जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म मेन्के यांनी साठच्या दशकाच्या आरंभी हे नाव दिले. काही ठिकाणी हे पटल चपट्या चकत्या होऊन एकमेकांना चिकटते आणि दुरडीत रचलेल्या भाकऱ्यांसारखी त्यांची थप्पी होते. या थप्प्यांना ग्रॅना म्हणतात. थप्प्यांना एकमेकींशी जोडणारे, कुणाला न चिकटलेले जे पटल आजूबाजूच्या द्रवात पसरलेले असते त्या स्ट्रोमा-पटलिका. दोन्ही मिळून पटल अखंडच असते. मधे कुठे भिंत नाही, दार नाही. तरीही चिकटलेल्या भागातली प्रथिने वेगळी आणि मोकळ्या भागातली वेगळी.

पटलात चार मोठी प्रथिनसंकुले आहेत. दुसरी प्रकाशप्रणाली पाण्याचे विघटन करते; आपण श्वासात घेतो तो ऑक्सिजन तिच्याकडून येतो. तिने सोडलेले इलेक्ट्रॉन सायटोक्रोम बी-सिक्स-एफ या संकुलामार्फत पहिल्या प्रकाशप्रणालीकडे जातात, आणि तिथे पुन्हा प्रकाशाची ऊर्जा घेऊन पुढच्या रासायनिक कामाला लागतात. चौथे संकुल एटीपी तयार करणारे. यांच्याखेरीज प्रकाश गोळा करणारी प्रथिने आहेत. त्यांतले मुख्य प्रथिन तिघातिघांच्या गटाने राहते, प्रत्येकात हरितद्रव्याचे १४ रेणू बाळगते, आणि पानातल्या एकूण हरितद्रव्यापैकी जवळजवळ निम्मे एकट्याकडे ठेवते.

दुसरी प्रकाशप्रणाली आणि तिला प्रकाश पुरवणारी ही त्रिके ग्रॅनाच्या चिकटलेल्या भागात दाटीवाटीने असतात. तिथल्या पटलाचा सत्तर-ऐंशी टक्के भाग प्रथिनांनीच भरलेला असतो. पहिली प्रकाशप्रणाली आणि एटीपीचे संकुल मात्र मोकळ्या भागात, थप्पीच्या कडांना आणि वरच्या-खालच्या उघड्या पृष्ठांवर असते. यामागचे एक कारण निव्वळ मापाचे आहे. चिकटलेल्या दोन पटलांमधली फट जेमतेम साडेतीन-चार नॅनोमीटरची. एटीपीच्या संकुलाचा गोल माथा पटलाबाहेर याच्या कितीतरी अधिक वर येतो. पहिल्या प्रकाशप्रणालीच्याही बाहेरच्या अंगाला उंचवटा आहे. ही दोन्ही त्या फटीत मावत नाहीत. दुसरी प्रणाली त्या बाजूने सपाट आहे, म्हणून मावते. सायटोक्रोमचे संकुल दोन्हीकडे आढळते.

म्हणजे एकापाठोपाठ काम करणारी दोन यंत्रे एकमेकांपासून दूर ठेवलेली आहेत, आणि त्यांच्यामध्ये प्लास्टोक्विनोन व प्लास्टोसायनिन हे छोटे वाहक इलेक्ट्रॉन नेत-आणत राहतात. ही रचना ताठर नाही. उजेडाचा रंग बदलला की प्रकाश गोळा करणाऱ्या काही त्रिकांवर फॉस्फेट चढते, ती दुसऱ्या प्रणालीपासून सुटून पहिलीच्या सेवेला जातात, आणि उजेड पालटला की परत येतात. कडक उन्हात दुसऱ्या प्रणालीचे एक प्रथिन सतत जळून निकामी होते. दुरुस्तीसाठी ती प्रणाली दाटीतून निघून मोकळ्या भागात यावी लागते. पानातली इतकी हालचाल डोळ्यांना दिसत नाही, पण भरदुपारी शेतात उभ्या असलेल्या प्रत्येक झाडात ती चालू असते.

आज ही रचना अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अखंड हरितलवकात रेणूगणिक पाहता येते. २०२० मध्ये एकपेशीय शैवालात आणि २०२५ मध्ये प्रत्यक्ष पालकाच्या हरितलवकात दोन्ही प्रणालींची ही फारकत डोळ्यांनी पाहून मोजली गेली. पण १९६० च्या आसपास असले काही साधन नव्हते. दोन प्रकाशप्रणाली असाव्यात हेही तेव्हा नुकतेच उमगले होते. १९५७ मध्ये रॉबर्ट इमर्सन यांना दिसले की दोन वेगळ्या रंगांचे किरण एकत्र दिले तर प्रकाशसंश्लेषण दोहोंच्या बेरजेपेक्षा जास्त होते. १९६० मध्ये रॉबिन हिल आणि फे बेंडॉल यांनी दोन टप्प्यांची आकृती मांडली. त्या दोन प्रणाली पटलात कशा राहतात, शेजारी की दूर, एका कणात की दोन, याचे उत्तर मिळवायचा मार्ग एकच होता : पटल फोडायचे आणि तुकडे तपासायचे.

बर्कलीत रॉडरिक पार्क यांचे मत त्या काळी असे होते की पटलावर सारख्या आकाराचे दाणे दिसतात, प्रत्येकात हरितद्रव्याचे सुमारे २३० रेणू आहेत, आणि असा एकेक दाणा म्हणजे प्रकाशसंश्लेषणाचा संपूर्ण संच. या दाण्यांना त्यांनी ‘क्वांटासोम’ हे नाव दिले. या मताप्रमाणे पटल सगळीकडे सारखे असायला हवे. १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबरा येथे कीथ बोर्डमन आणि जॅन अँडरसन यांनी डिजिटोनिन हे सौम्य अपमार्जक वापरून पालकाचे पटल विरघळवले आणि अपकेंद्री यंत्रात वेगवेगळ्या वेगांनी फिरवून त्याचे भाग पाडले. जड भागात हरितद्रव्य ‘अ’ आणि ‘ब’ यांचे गुणोत्तर २.३ निघाले, हलक्या भागात ५.३. प्रकाश गोळा करणाऱ्या त्रिकांत ‘ब’ भरपूर असते, पहिल्या प्रणालीत ते फार कमी. म्हणजे दोन प्रणाली प्रथमच वेगळ्या हाती आल्या. मोठीच गोष्ट होती ती. पण एक शंका उरली. अपमार्जकाने पटल विरघळते. विरघळल्यावर जे वेगळे झाले ते मुळातही वेगळ्या जागी होते, की द्रावणात गेल्यावर सुटे झाले?

या शंकेचे उत्तर देणाऱ्यांत एक मराठी माणूस होता. प्रफुल्लचंद्र विष्णु साने बर्कलीला पार्क यांच्याकडे काम करत होते, आणि कॅनबराचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकतज्ज्ञ डेव्हिड गुडचाइल्ड त्यांच्या जोडीला होते. त्यांनी अपमार्जक बाजूला ठेवले आणि फ्रेंच प्रेस घेतला. हे यंत्र कॅलिफोर्नियातच प्रकाशसंश्लेषणावर काम करणाऱ्या सी. स्टेसी फ्रेंच यांच्या नावाचे. जाड पोलादी नळकांड्यात द्रव घालून वरून दट्ट्याने प्रचंड दाब द्यायचा आणि खालच्या बारीक छिद्रातून तो थेंबाथेंबाने बाहेर काढायचा. बाहेर पडताना बसणाऱ्या फटक्याने पटल फाटते, विरघळत मात्र नाही. आधी तुटतात त्या ग्रॅनांना जोडणाऱ्या पातळ स्ट्रोमा-पटलिका. ग्रॅनाच्या थप्प्या बहुतांशी शाबूत राहतात. अपकेंद्री यंत्रात थप्प्या लवकर तळाला बसतात, आणि पटलिकांचे तुकडे फार मोठ्या वेगानंतर.

साने, गुडचाइल्ड आणि पार्क यांचा निबंध १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. हलक्या तुकड्यांत फक्त पहिल्या प्रकाशप्रणालीचे काम होत होते, ग्रॅनाच्या भागात दोन्ही प्रणालींचे. सूक्ष्मदर्शकाखालच्या चित्रांवरून हलके तुकडे नेमके कुठून सुटले तेही कळले : स्ट्रोमा-पटलिकांतून. पटलाच्या जागेप्रमाणे त्याचे काम बदलते हे कोणतेही रसायन न वापरता दाखवले गेले होते. पटलावर सारखे, सर्व कामे करणारे दाणे आहेत या पार्क यांच्याच आधीच्या मताला या निष्कर्षांनी बाध आला, आणि त्या निबंधावर पार्क यांचेही नाव आहे. मला ही गोष्ट त्या निबंधातल्या आकड्यांइतकीच महत्त्वाची वाटते. पुढच्या वर्षी, १९७१ मध्ये, पार्क आणि साने यांनी हरितलवकाच्या पटलातील रचना आणि कार्य यांच्या वाटणीवर वार्षिक समीक्षा-ग्रंथात दीर्घ लेख लिहिला, आणि तो त्या क्षेत्रात शिरणाऱ्यांच्या वाचनात बरीच वर्षे राहिला.

साने तुर्भ्याला आले ते हा प्रश्न बरोबर घेऊन. आता तुर्भ्याला आधीपासून काय चालले होते ते पाहू.

किरणोत्सर्गाच्या परिसरात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर एक बिल्ला असतो. त्याने किती मात्रा घेतली हे त्या बिल्ल्यावरून कळते. पूर्वी त्यात छायाचित्रणाची फिल्म असे. तुर्भ्याला डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटचे बिल्ले तयार झाले, आणि १९७५ पासून ते देशात वापरात आले. नंबी, बापट आणि गांगुली यांचा या पदार्थांवरचा १९७४ चा निबंध जगभर उद्धृत होतो. या बिल्ल्याचे तत्त्व असे : किरण पडले की स्फटिकातले इलेक्ट्रॉन जागचे उठून सापळ्यांत अडकतात आणि तिथेच राहतात. नंतर स्फटिक तापवला की ते सुटतात, परत जागेवर येतात आणि येताना प्रकाश देतात. तापमान वाढत जाताना प्रकाश किती येतो याचा आलेख काढला की त्यावर शिखरे दिसतात, आणि कोणत्या तापमानाला शिखर आले यावरून सापळा किती खोल होता ते कळते. याला उष्मादीप्ती म्हणतात.

पानही असेच वागते. हे ओक रिजला विल्यम अर्नोल्ड आणि हेलेन शेरवूड यांनी १९५७ मध्ये दाखवले होते. हरितलवक अर्धवाहकासारखे वागतात का, असा प्रश्नच त्यांच्या निबंधाच्या शीर्षकात होता. तुर्भ्याला व्ही. जी. ताटके, टी. एस. देसाई आणि एस. के. भट्टाचार्जी यांनी पानांची उष्मादीप्ती मोजता येईल असे, हवे ते तापमान राखणारे शीतपात्र स्वतः घडवले आणि १९७१ मध्ये ब्रिटनच्या उपकरणशास्त्राच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले. या छोट्या निबंधाबद्दल मला विशेष आदर आहे. त्या काळात परदेशी उपकरण मागवायचे तर परवाने आणि परकीय चलन यांत वर्षे जात. प्रश्न विचारण्याआधी तो विचारायचे यंत्र घरी घडवले पाहिजे, हे तुर्भ्याला सर्वत्र मानले जात होते, आणि पानांवर काम करणारी मंडळीही त्याला अपवाद नव्हती.

प्रयोग थोडक्यात असा. पान किंवा हरितलवक द्रव नायट्रोजनपर्यंत, म्हणजे उणे १९६ अंशांपर्यंत, किंवा ठरवलेल्या एखाद्या कमी तापमानापर्यंत थंड करायचे आणि त्याच्यावर प्रकाश टाकायचा. दुसऱ्या प्रकाशप्रणालीत ऋण आणि धन प्रभार वेगळे होतात. थंडीमुळे ते पुन्हा एकत्र येऊ शकत नाहीत. मग संपूर्ण अंधारात, ठरलेल्या गतीने, पान तापवत न्यायचे. प्रभारांची एकेक जोडी आपल्या ठरलेल्या तापमानाला जुळते आणि क्षीण प्रकाश देते. तो प्रकाशगुणक नळीने टिपायचा. यातून मिळणाऱ्या आलेखातले प्रत्येक शिखर म्हणजे प्रणालीच्या आतला एक थांबा, जिथे इलेक्ट्रॉन क्षणभर किंवा काही मिनिटे टेकतो.

१९७५ मध्ये देसाई, साने आणि ताटके यांचा पालकाच्या पानांच्या आणि युग्लीना या एकपेशीय जीवाच्या उष्मादीप्तीवरचा निबंध आला. त्यानंतरचे पाऊल माझ्या मते तुर्भ्याच्या या सगळ्या कामाचा कळस. कोणते शिखर कोणत्या प्रणालीचे, हे ठरवायचे कसे? सान्यांच्या हाती पटल फोडून दोन प्रणालींनी समृद्ध असे दोन वेगळे भाग करण्याची कला होती. ताटके आणि देसाई यांच्या हाती यंत्र होते. भाग वेगळे करायचे आणि प्रत्येकाची उष्मादीप्ती स्वतंत्रपणे मोजायची. साने, देसाई, ताटके आणि इलिनॉय विद्यापीठाचे गोविंदजी यांचा १९७७ चा निबंध नेमका यावर आहे : युग्लीना, पालकाचे हरितलवक आणि पहिल्या किंवा दुसऱ्या प्रणालीने समृद्ध तुकडे यांच्या शिखरांचा उगम. प्रथिन पटलात कुठे आहे आणि ते काय करते, हे दोन प्रश्न इथे एकाच प्रयोगात विचारले गेले. बर्कलीचा फ्रेंच प्रेस आणि तुर्भ्याचे शीतपात्र यांची ही सांगड होती.

१९८१ मध्ये याच चौघांनी, या वेळी ताटके यांचे नाव आधी ठेवून, शिखरांवरून सापळ्यांची ऊर्जा आणि इलेक्ट्रॉनचा तिथला मुक्काम किती, हे काढले. इथे एक अडचण होती. स्फटिकांसाठी रँडल आणि विल्किन्स यांनी १९४५ मध्ये दिलेले गणित पानाला जसेच्या तसे लावता येत नाही; पानातला इलेक्ट्रॉन एकाच सापळ्यातून थेट सुटत नाही, त्याला वाटेत तोल सांभाळत मागे-पुढे जावे लागते. १९८३ मध्ये डॉन डीव्हॉल्ट, गोविंदजी आणि खुद्द अर्नोल्ड यांनी हे गणित दुरुस्त करून मांडले. अर्नोल्ड यांनी १९५७ मध्ये सुरू केलेली वाट तुर्भ्यावरून वळसा घेऊन पुन्हा त्यांच्यापाशी आली, असे म्हणायला हरकत नाही. मधल्या काळात, १९८२ मध्ये, रदरफर्ड, क्रॉफ्ट्स आणि इनोऊ यांनी मुख्य शिखरे नेमकी कुठल्या जोडीची ते निश्चित केले. सुमारे ३० अंशांजवळचे शिखर दुसऱ्या प्रकाशप्रणालीतल्या दोन क्विनोन-थांब्यांपैकी दुसऱ्या क्विनोनवर थांबलेल्या इलेक्ट्रॉनचे. उसाच्या शेतात वापरतात ते डाययुरॉन हे तणनाशक घातले की इलेक्ट्रॉन पहिल्याच क्विनोनवर अडतो, आणि शिखर १० अंशांच्या आसपास खाली येते. साने आणि रदरफर्ड यांनी १९८६ मध्ये या साऱ्या विषयाचा आढावा एकत्र लिहिला.

आता पटलाच्या नकाशाकडे परत येऊ, कारण तिकडे सान्यांच्या निष्कर्षातला अर्धा भाग दुरुस्त झाला होता. १९७० मध्ये ग्रॅनात दोन्ही प्रणाली असल्याचे दिसले होते. स्वीडनमध्ये लुंडला पेर-ओके अल्बर्ट्सन यांनी डेक्स्ट्रान आणि पॉलिइथिलिन ग्लायकॉल या दोन बहुवारिकांच्या पाण्यातल्या थरांत जैविक कण वेगळे करण्याची पद्धत विकसित केली होती. पटल दाबाखाली फोडून ती वापरली की ग्रॅनाच्या चिकटलेल्या भागातून आतली बाजू बाहेर आलेल्या पिशव्या मिळत. त्या घेऊन बर्टिल अँडरसन आणि कॅनबराच्या जॅन अँडरसन यांनी १९८० मध्ये दाखवले की चिकटलेल्या भागात पहिली प्रकाशप्रणाली जवळजवळ नसतेच. ग्रॅनात आधी दिसलेली पहिली प्रणाली थप्पीच्या कडांची आणि टोकांच्या उघड्या पृष्ठांची होती. मोकळ्या पटलिकांत पहिली प्रणाली, हा सान्यांचा निष्कर्ष टिकला. ग्रॅनाच्या आतल्या भागाचे चित्र मात्र बदलले. एक टीप इथे आवश्यक वाटते : आपल्या काही पाठ्यपुस्तकांत दोन्ही प्रणाली अजूनही आकृतीत एकाच पटलावर शेजारीशेजारी काढलेल्या असतात. इलेक्ट्रॉनचा मार्ग दाखवायला ती आकृती सोयीची आहे, पण जागेच्या दृष्टीने ती चुकीची आहे, आणि शिक्षकांनी ते वर्गात सांगावे.

तुर्भ्याला पटलाच्या बाहेरच्या कामाकडेही लक्ष होते. ए. एस. भागवत यांनी रुबिस्को या विकरावर दीर्घकाळ काम केले. हे विकर कर्बवायू पकडते, पण चुकून ऑक्सिजनही पकडते, आणि त्यात पिकाची पुष्कळ मेहनत वाया जाते. भागवत, रामकृष्ण आणि साने यांनी १९७८ मध्ये हायड्रॉक्सिलअमीनने त्यातले फक्त ऑक्सिजनचे काम अडवता येते असे प्रसिद्ध केले. हे विकर पानात विपुल असते आणि त्याचे मापन किरणोत्सारी बायकार्बोनेटने करतात. अणुसंस्थेत त्याचा अभ्यास होणे स्वाभाविकच होते.

पटलाचा प्रश्न पुढच्या पिढीत जयश्री सैनिस यांनी वेगळ्या बाजूने उचलला. पाठ्यपुस्तके प्रकाशाची अभिक्रिया पटलात आणि कर्बवायूची अभिक्रिया बाहेरच्या द्रवात, अशी सरळ वाटणी करतात. कर्बवायूची विकरे त्या द्रवात खरोखर सुटी तरंगतात का? सैनिस यांनी हॅरिस यांच्यासह १९८६ मध्ये दाखवले की रुबिस्को आणि त्याच्या आधीच्या पायऱ्यांची विकरे एकमेकांना धरून राहतात, म्हणजे एकाने तयार केलेला पदार्थ पुढच्याच्या हाती थेट जाऊ शकतो. त्यानंतर तुर्भ्याला त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲनासिस्टिस निड्युलान्स या नीलहरित जीवाणूवर काम केले आणि २००३ मध्ये मांडले की कॅल्विन चक्राची विकरे थायलॅकॉइड पटलाशी जोडून संघटित असतात. २००५ मध्ये त्यांनी पटलाचा असा एक भाग वेगळा काढल्याचे प्रसिद्ध केले, ज्यात प्रकाशाच्या अभिक्रियेचा आणि कर्बवायूच्या अभिक्रियेचा अंश एकत्र चालतो. नीलहरित जीवाणूत वनस्पतींसारखे ग्रॅना नसतात, म्हणून हा निष्कर्ष पालकाला जसाच्या तसा लावता येणार नाही. पण प्रश्न तोच होता जो १९७० मध्ये फ्रेंच प्रेसखाली विचारला गेला : कोण कुणाच्या शेजारी आहे, आणि पटल फोडताना ती शेजारधर्माची नाती आपण तोडतो का? सैनिस यांनी पटल फार न दुखावता पेशी उघडण्यावर जो भर दिला तो यासाठीच.

साने ऐंशीच्या दशकात तुर्भे सोडून लखनौच्या राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेचे संचालक झाले. शांतिस्वरूप भटनागर पुरस्काराने त्यांच्या कामाची नोंद घेतली. नंतरच्या काळात ते जळगावला जैन इरिगेशनच्या संशोधन विभागात होते, आणि उष्मादीप्ती त्यांनी तिथेही सोडली नाही. स्वीडनमधल्या उमिओचे गुन्नार ओक्विस्ट आणि कॅनडाचे नॉर्मन ह्युनर यांच्या गटांबरोबर त्यांनी पाहिले की थंडीला सरावलेल्या अरॅबिडॉप्सिस या रोपात दुसऱ्या क्विनोनचे शिखर कमी तापमानाकडे सरकते, आणि दोन्ही क्विनोनांच्या ऊर्जेतला हा बदल रोपाला प्रखर प्रकाशाच्या इजेपासून वाचवतो. हा निबंध २००३ चा आहे. त्यातला मुख्य पुरावा म्हणजे तापमानाच्या आलेखावर सरकलेले शिखर, जे वाचायला ताटके आणि देसाई यांनी तीस वर्षांपूर्वी तुर्भ्याला शीतपात्र घडवले होते.